शेऱ्याचा रकाना

४ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,

मामाचे आशीर्वाद. आशीर्वाद नको असतील तर बाजूला ठेव, पण पत्र पुरतं वाच.

गेल्या आठ महिन्यांत तुझी तीन पत्रं आली. तिन्हींत मिळून सात ओळी. त्यातल्या चार ओळी 'आम्ही बरे आहोत' एवढंच सांगणाऱ्या. मी पन्नास वर्षं लोकांची पोटं मोजली आहेत. श्वास आत ओढून उभं राहिलेलं गिऱ्हाईक मला दारातच कळतं. तू बरी नाहीस.

बटण गेली तेव्हा मी तुमच्याकडे आठ दिवस राहिलो होतो. त्या आठ दिवसांत तू आणि जावईबापू एकमेकांशी जेवढं बोललात तेवढ्याला पोस्टकार्डसुद्धा मोठं पडलं असतं. तो सुतारकामाच्या शेडमध्ये, तू शिलाईच्या दुकानात, आणि मधल्या घरात मी एकटा, चहा करून थंड करत बसलेला. मी काही बोललो नाही. तीन दिवसांच्या तापात सात वर्षांची पोर गेल्यावर काय बोलायचं असतं ते मला अजून ठाऊक नाही.

पण एक गोष्ट तेव्हापासून मनात खुपते आहे आणि ती मी आज बोलणार. त्या आठवड्यात मी तुझी मापाची वही चाळली. जुनी खोड. बटणचं पान पाहिलं. दर सहा महिन्यांनी एक, अशी चौदा मापं. उंची, छाती, खांदा, बाही, सगळे आकडे रांगेत. आणि शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा! तुला चौदाव्या वर्षी कात्री धरायला शिकवली ती याचसाठी? आकड्यावरून माणूस केवढा ते कळतं. माणूस कसा आहे ते शेऱ्यात लिहायचं असतं. 'उजवा खांदा उतरता.' 'बोलताना पुढे वाकतात, पाठीला पाऊण इंच जास्त धरावा.' असल्या गोष्टी तू परक्या लोकांच्या पानावर लिहितेस आणि पोटच्या पोरीचं पान रिकामं ठेवतेस?

मला कळतं, ती रोज समोर होती, शेरा लिहायचा कशाला. आता लिही. एका मापासमोर एक शेरा. चौदा आहेत, जमेल तुला. लिहून झाला की मला कळव, मी तपासणार आहे.

ओळी तिरक्या गेल्यात, तो कागदाचा दोष.

मामा

*

१९ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. तू रागावलास ते वाचून बरं वाटलं. आठ महिन्यांत माझ्यावर कुणी रागावलेलं नाही. गिऱ्हाइकं कुजबुजत बोलतात. शेजारीण दारातून भांडं आत सरकवते आणि पाय न वाजवता निघून जाते. परवा एका बाईंच्या ब्लाउजचा गळा मी चक्क मागे-पुढे करून ठेवला, तर त्याच म्हणाल्या, "असू दे, असू दे, मला असाच आवडतो." असा कुणाला आवडतो का?

तुझं काम मी करणार नव्हते. वही काढली, बटणचं पान उघडलं आणि मिटून ठेवलं. असं चार दिवस. पाचव्या दिवशी मला एक गोष्ट आठवेना. तिचा शेवटचा पडलेला दात वरचा होता की खालचा? मामा, मी दुकानाचं शटर ओढून आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःच्या तोंडात बोट घालून दात चाचपत राहिले. आठवेना. आठ महिन्यांत दात गेला. अजून आठ महिन्यांनी काय जाईल, आवाज?

तुझ्या जावयाला विचारता आलं असतं. पण मी विचारलं नाही. तो मी उठायच्या आत शेडमध्ये जातो, संध्याकाळी हातपाय धुऊन येतो, जेवतो, ताट उचलतो. आठ महिन्यांत त्यानं तिचं नाव घेतलेलं नाही. मला वाटतं त्याला ती विसरून जायची आहे, आणि माझी अडचण होते आहे.

म्हणून शेरा लिहिला. एकच लिहिलाय, जास्त मागू नकोस.

माप पहिलं, वय सहा महिने. शेरा: टेप चावते. टेपवर एकवीस आणि बावीसच्या मधे खुणा आहेत.

तुझी भाची

*

१ मार्च

चि. भाचीबाईस,

अक्षर बदललेलं पाहून दचकू नकोस. माझा हात दुखतो, म्हणून मी सांगतो आणि शेजारच्या ऑपरेटरबाई लिहून घेतात. टेलिफोनच्या जमान्यात चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे फोन जोडून दिले. एका शब्दानं मधे बोलणार नाहीत, असं त्यांनी कबूल केलंय. (केलंय. - ऑपरेटर)

हे पहा, सुरुवातच मोडली.

शेरा पास. टेप चावते, उत्तम. असा शेरा माझ्या पन्नास वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मिळाला नाही, आणि चावणारी गिऱ्हाइकं कमी नव्हती. आता तेरा राहिले.

दाताचं म्हणशील तर मला माहीत नाही. मला तिचं तोंड उघडं असतानाचंच आठवतं, पण त्यात दात कुठे होते हे बघायला तिनं वेळ दिला नाही. सारखी बोलायची. बटण हे नाव मी ठेवलं तेव्हा ती गोल होती आणि कपाटाखाली सहज हरवेल एवढी होती. पुढे ती त्या नावाला कुठे शोभली! बटण एका जागी राहतं.

जावयाविषयी तू लिहिलंस ते वाचलं. तू त्याचं माप लांबून घेते आहेस. मी एवढंच म्हणतो. पुढचे शेरे पाठव.

मामा

*

२२ मार्च

मामा,

सहा झाले. तुला पाठवते. आधीच सांगते, रकाना पुरत नाही म्हणून मी पानाला उभे कागद चिकटवलेत. वही आता एका बाजूनं फुगली आहे.

वय दोन. शेरा: खडूनं काढलेल्या रेघेवर चालते, रेघ संपली की परत येते.

वय अडीच. शेरा: छातीचं माप घेताना हात वर करते ते खाली आणत नाही. दुपारपर्यंत तशीच फिरली. म्हणाली, "तू खाली कर म्हणाली नाहीस."

वय चार. शेरा: डाव्या बाहीत आधी हात घालते. तिला उजव्या हातानं जेवण भरवत होते, म्हणून कपडे चढवायला माझा डावाच मोकळा असायचा. चूक माझी.

वय पाच. शेरा: पिवळा फ्रॉक.

इथे थांबावं लागलं, कारण त्या फ्रॉकचा शेरा एका ओळीत बसेना. आठवतो ना तुला? पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवला होता, दोन मोठे खिसे लावून. ती वाढणार म्हणून खाली चांगली चार बोटं मुडप दुमडून ठेवली होती. पोरीनं दुसरं काही अंगाला लावू दिलं नाही. दोन वर्षांत मी दोनदा मुडप सोडली. दुसऱ्यांदा सोडताना तिला बजावलं, "आता कापड संपलं. तू सत्तेचाळीस इंच झालीस की हा फ्रॉक बाद." तिनं शहाण्यासारखी मान हलवली.

शेवटचं माप, वय सात. उंची सेहेचाळीस. म्हणजे फ्रॉक एका इंचानं वाचला होता. शेरा: खिशात लाकडाचा भुसा आणि रंध्याच्या सालपटांची वळी. धुण्याआधी खिसे उलटे करावेत.

या मापावरून आमचं भांडण झालं होतं, ते तुला सांगितलंय का? माझं माप झालं की ती पळत घरात जायची, बैठकीच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि तिचा बाबा तिच्या डोक्यावर गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, ठेवून पेन्सिलीनं रेघ मारायचा. तारीख घालून. मी इंचात, तो सेंटीमीटरमध्ये. शेवटच्या तीन मापांत आमचे आकडे जुळेनात. मी म्हणायची तुझा टेप खोटा, तो म्हणायचा तुझा ताणलेला. मी नवा टेप आणला. मग त्यानं नवा टेप आणला. तरी जुळेनात. बटण मधे उभी राहून दोघांकडे बघायची आणि हसायची. आम्हाला वाटायचं, आईबाप भांडतात म्हणून हसते.

लिहिताना मी पण हसले, मामा. दुकानात एकटी. बाहेरून जाणाऱ्या बाईंनी आत डोकावून पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

तुझी भाची

*

२ एप्रिल

मामा,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे.

काल शाळेचे गणवेश पोचवून घरी आले. बैठकीच्या दाराशी मला पॉलिशचा वास आला. चौकटीची उजवीकडची उभी फळी नवीन आहे. पांढरी, गुळगुळीत, एक रेघ नाही तिच्यावर. मामा, चौदा रेघा होत्या. तारखा होत्या. सगळ्यात खालची माझ्या गुडघ्याच्या जरा वर होती.

मी विचारलं, "जुनी कुठे आहे?"

तो म्हणाला, "वाळवी लागली होती."

सुतार आहे तो. आपल्या घरात वाळवी लागली तर तो लाजेनं बाहेर तोंड दाखवणार नाही. चौकटीवर चढू देईल का? इतकं खोटं बोलायचं आणि तेही माझ्याकडे न बघता! माझ्या डोळ्यांसमोर त्या फळीचे तुकडे आले, शेडमागच्या ढिगात टाकतो तसले.

मी जेवले नाही. तोही जेवला नाही. आज तो गेल्यावर मी वही पिशवीत भरली. माझ्याकडे आता तिचं एवढंच पान आहे, आणि ते मी या घरात ठेवणार नाही. मी तुझ्याकडे येते आहे, राहायला. किती दिवस ते विचारू नकोस. पुढच्या आठवड्यात निघेन, हातातले चार कपडे पुरे झाले की.

तुझी भाची

*

६ एप्रिल

चि. भाचीबाईस,

ये. घर तुझंच आहे, तुझी जुनी मशीन अजून खिडकीपाशी आहे.

पण येण्याआधी माझं एक काम कर. तुला मी कात्रीच्याही आधी काय शिकवलं होतं? गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कपडा उसवायचा नाही. आपल्याला चुकलेली वाटते ती शिवण त्यानं मुद्दाम घालून घेतलेली असते. तू दहा महिने जावयाला एक प्रश्न विचारलेला नाहीस. दाताचा नाही, कशाचाच नाही. आता पहिला विचारलास तो पोलिसासारखा. त्यानं वाळवीच सांगितली असणार, दुसरं काय सांगेल बिचारा?

ती वही पिशवीतून काढ. जेवणाच्या टेबलावर बटणचं पान उघडून ठेव. तू काही बोलू नकोस. त्यालाही बोलायला सांगू नकोस. त्यानं नुसती मिटून ठेवली तर दुसऱ्या दिवशीची गाडी पकड, मी स्टेशनवर येतो.

मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, पण आत्ता सांगता येत नाही. मी शब्द दिलेला आहे. विचारात आहे.

मामा

(बाई, मी चाळीस वर्षं फोन जोडले, पण कुणाच्या बोलण्यात शब्द टाकला नाही. आज टाकते. मामांचा हात दुखत नाही. जानेवारीपासून त्यांची नजर गेली आहे. उजेड आणि सावली तेवढी कळते. फेब्रुवारीचं पत्र त्यांनी कागदावर पट्टी धरून, दोन दिवस बसून लिहिलं. तुमची पत्रं मी वाचून दाखवते. शेरे तर दोनदा वाचायला लावतात आणि मग खिडकीकडे तोंड करून बसतात. स्टेशनवर ते येणार नाहीत, मी येईन. हे तुम्हाला लिहू नका असं त्यांनी तीनदा बजावलं आहे, म्हणून त्यांना न सांगता लिहिते. - ऑपरेटर)

*

२० एप्रिल

मामा,

आधी तुझा समाचार घेते. नजर गेली आणि मला 'हात दुखतो'? मला श्वास आत ओढून उभं राहणारं गिऱ्हाईक म्हणतोस आणि स्वतः काय करतोस? ऑपरेटरबाईंवर चिडू नकोस, मी त्यांचे पाय धरायला तयार आहे. बाई, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आता ऐक.

मी वही टेबलावर उघडी ठेवली आणि पाठ करून भांडी घासत उभी राहिले. घासलेली भांडी पुन्हा घासली. मागे खुर्ची सरकली. मग चिकटवलेला कागद उलगडल्याचा आवाज. मी नळ बंद केला नाही. बंद केला असता तर त्याला मी रडतेय ते कळलं असतं, आणि मला तो.

शेवटी तो बोलला. काय बोलला असेल? म्हणाला, "हे चूक आहे."

मी वळले. त्यानं शेवटच्या मापावर बोट ठेवलं होतं. "सेहेचाळीस नव्हती ती. एकशे एकवीस होती."

"कशावरून? वाळवी लागलेल्या फळीवरून?"

तो तसाच उठला, पायात चपला न घालता शेडमध्ये गेला आणि फळी खांद्यावर घेऊन आला. चादरीत गुंडाळलेली, बटणच्या चादरीत, वर सुतळी बांधून. टेबलावर आडवी ठेवली. चौदाच्या चौदा रेघा, मामा. एकही पुसलेली नाही.

मी विचारलं, "मग काढलीस कशाला?" या वेळी पोलिसासारखं नाही.

तो म्हणाला, "दारातून जाताना माझा हात आपोआप तिथं जायचा. तिचं डोकं असायचं त्या उंचीला. रोज जायचा. रोज रिकामा." मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू आणखी रडली असतीस. मला वाटलं तुझ्यासमोर नाव न घेतलेलं बरं. तू घेत नव्हतीस."

म्हणजे बघ, मामा. मला वाटत होतं तो विसरायच्या मागे आहे, आणि तो माझ्यासाठी गप्प होता. मी त्याच्यामुळे गप्प. एका घरात दोन माणसं एकमेकांना जपत इतकी लांब गेली.

मग मी दाताचं विचारलं. खालचा, डावीकडचा. त्याला विचार करावा लागला नाही. त्याच्याकडे आहे तो, स्क्रूच्या डबीत, कापसात ठेवलेला. तिनंच त्याला दिला होता, "बाबा, हा ठोकायला उपयोगी पडेल" म्हणून. मी तो हातात घेऊन बसले. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही दोघं पोटभर रडलो, एका खोलीत, पहिल्यांदा.

आणि त्यानंतर भांडलो! चांगलं तासभर. एकशे एकवीस सेंटीमीटर म्हणजे साडेसत्तेचाळीसच्या वर. माझे सेहेचाळीस. दीड इंचाहून जास्त फरक. टेबलावर दोन्ही टेप शेजारी शेजारी पसरले, आकडा आकड्याला लावला. दोन्ही खरे. तो म्हणतो, तुला पोरीचं माप घेता येत नव्हतं. मी म्हणते, तुझी फळी तिरकी. पण मामा, भांडण संपल्यावर मला एकदम भीती वाटली. आईला माहीत नाही आणि बापाला माहीत नाही, मग माझी पोर होती तरी केवढी? कुणाला विचारायचं आता?

तुझ्याकडे येणं लांबणीवर टाकलंय. तू न्याय कर. कुणाचं माप खरं?

तुझी भाची

ता. क. हे शेरे त्यानं त्याच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेत, मी उतरवून पाठवते. वय तीन: खिळे रंगानं ओळखते. वय सहा: शिट्टी येत नाही, येते असं सांगते.

*

२८ एप्रिल

चि. भाचीबाईस आणि चि. जावईबापूंस,

ऑपरेटरबाईंशी मी अर्धा दिवस बोललो नाही. मग चहा कोण करणार म्हणून बोललो. (चहा मीच केला होता. - ऑपरेटर)

न्याय करतो. तुमच्या दोघांचीही मापं खोटी आहेत.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही बटणला पंधरा दिवस माझ्याकडे ठेवलं होतं. एका सकाळी ती माझी मापाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, माझं खरं माप घे." मी म्हटलं, खरं म्हणजे? खोटं कोण घेतं? तेव्हा तिनं दार लावलं, आणि माझ्याकडून वचन घेतलं की आईला सांगायचं नाही आणि बाबाला तर मुळीच नाही. मी दिलं. वर्षभर पाळलं. तिचं माझ्यापाशी एवढं एकच होतं, तेही देऊन टाकलं तर माझ्याकडे काय उरेल, असंही वाटायचं. आता मोडतो. ती रागावेल, पण माझ्यावर तिचा राग टिकायचा नाही.

भाचीबाई, तू तिला सांगितलंस, सत्तेचाळीस झालीस की फ्रॉक बाद. म्हणून तुझ्यापुढे ती फ्रॉकच्या आत गुडघे वाकवून उभी राहायची.

जावईबापू, तुम्ही तिला सांगितलंत, एकशे वीस झालीस की शेडमध्ये यायचं आणि छोटा रंधा हातात मिळेल. म्हणून तुमच्यापुढे ती टाचा उचलायची.

तिनं मला दोन्ही करून दाखवलं. "आईकडे अशी. बाबाकडे अशी." आणि म्हणाली, "दोघं भांडतात तेव्हा मला फार हसू येतं, पण का ते सांगता येत नाही." सगळ्या गावाच्या वाकलेल्या पाठी ओळखणारी माझी भाची पोटच्या पोरीचे गुडघे ओळखू शकली नाही! आणि गुण्याशिवाय एक रेघ न मारणाऱ्या सुतारानं डोकं काटकोनात बघितलं, टाचा बघितल्या नाहीत. दोघंही गाढव आहात. तिनं दोघांनाही खिशात घातलं होतं, आणि खिसे तू शिवलेले.

फ्रॉकही तिला हवा होता आणि रंधाही. दोन्ही तिला मिळाले. सात वर्षांच्या आयुष्यात तिनं जे मागितलं ते मिळवलं, हे मी रोज स्वतःला सांगतो. त्यानं थोडं बरं वाटतं, सगळं नाही.

माझ्यापुढे तिला काही नको होतं, म्हणून ती नीट उभी राहिली. मी माप घेतलं. हातानं घेतलेलं ते माझं शेवटचं माप निघालं, नंतर आकडे पुसट व्हायला लागले. ते पान वहीतून काढून सोबत पाठवतो आहे. पन्नास वर्षांत मी वहीचं पान फाडलेलं नाही. जपून ठेवा.

मामा

(पान मी पाहिलं आहे. नाव: बटण. उंची अनवाणी: ४७. छाती, खांदा, बाही सगळं आहे. शेरा: सरळ उभी राहते. - ऑपरेटर)

*

९ मे

मामा,

तुझं पत्र मी दुकानात फोडलं आणि वाचता वाचता कात्री तशीच टाकून शेडकडे पळाले. मशीन चालू होतं, त्याला ऐकू जाईना. मी त्याच्या हातात कागद दिला. त्यानं मशीन बंद केलं, वाचलं, 'टाचा उचलायची'पाशी आला आणि खाली बसला. आधी मला कळेना काय होतंय. मामा, तो हसत होता. भुशात बसून, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय. "दोन नवे टेप आणले गं आपण," म्हणाला, "दोन!" मीही त्याच्या शेजारी बसले. शेडमध्ये मी वर्षभर पाय ठेवला नव्हता. छोटा रंधा खिळ्याला टांगलेला आहे, तिच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर. तो त्यानं हलवलेला नाही.

रविवारी आम्ही फळी परत बसवली. नवी काढली. तो म्हणाला, हात रिकामा जाईल तर जाऊ दे, जाईल तरी बरोबर जागी. मग त्यानं मला टेप धरायला बोलावलं. शेवटच्या रेघेच्या खाली, माझ्या खोट्या मापाच्या वर, तुझ्या मापाची जागा आम्ही शोधली. मी खालचं टोक जमिनीला दाबून धरलं, त्यानं गुण्या लावला. या वेळी मी खालीच बसले होते, तर टाचा कुठे असत्या तिकडे बघत राहिले. त्यानं रेघ ओढली आणि तिच्यापुढे लिहिलं. सेंटीमीटरशिवाय दुसरं काही न मानणारा हा माणूस. त्यानं लिहिलं, '४७ इंच'.

मग मी वही आणली आणि तिच्या पानावर पंधरावं माप लिहिलं: ११९.४ सेंटीमीटर. त्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं.

पंधराव्या मापाचा शेरा मी लिहिणार होते. तुझाच उतरवला. त्याहून चांगला मला सुचला नाही. आता त्या रकान्यात जागा नाही, पण कागद चिकटवणं चालू आहे. तो रोज जेवताना एक सांगतो, मी एक सांगते, ज्याचा चांगला तो लिहायचा. परवा त्यानं हरल्यावर ताट उचललं नाही, आणखी एक सांगत बसला.

परवा एक सहा वर्षांची मुलगी गणवेशाच्या मापाला आली. तिच्या वयाच्या मुलींची मापं मी वर्षभर टाळत होते, आईला म्हणायची, जुना फ्रॉक आणून द्या, त्यावरून कापते. या वेळी टेप काढला. मुलगी उभी राहिली. मी आधी तिच्या टाचा पाहिल्या, मग गुडघे. मग तिच्या कानात विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "मोठा खिसा." दिला.

तू आता इथे ये. ऑपरेटरबाईंनाही घेऊन ये, त्यांच्याशिवाय तुझा फोन लागायचा नाही. तुझा सदरा सैल झाला असणार. तू न दिसण्याचं निमित्त करून वाकून उभा राहशील, पण मी आता फसणार नाही. बटणचं पान मी तुला स्वतः वाचून दाखवीन, पहिल्यापासून, आणि तू हात लावून बघ, केवढं जाड झालंय.

तुझी भाची

ता. क. त्याला दोन ओळी लिहायच्या आहेत.

मामा, या. चौकटीवरच्या रेघा मी पटाशीनं थोड्या खोल करून ठेवतो आहे. बोटाला लागतील.

जावई